नाल्याकाठच्या आठ ओळी

माझ्या मोठ्या भावाला शेती करण्यापेक्षा शेत दाखवायला जास्त आवडतं. फोपनारची आमची जमीन तोच बघतो. बघतो म्हणजे खरोखर नुसती बघतो, करते वहिनी. मी बुऱ्हाणपूरला सिंधीपुऱ्यात राहते, शाळेत विज्ञान शिकवते, आणि घरातली शिकलेली म्हणून दर नव्या खुळाच्या वेळी दादा माझ्याकडे येतो. गांडूळखताच्या वेळी आला होता. ती गांडुळं पहिल्याच उन्हाळ्यात मेली, कारण फोटो काढून झाल्यावर त्यांच्यावर पाणी मारायला कुणी गेलं नाही. नंतर सफेद मुसळी झाली. तिच्याबद्दल आमच्या घरात आता कुणी बोलत नाही.

त्या वर्षी होळीच्या आसपास तो आला तो हातात मोबाईल पुढे धरूनच. चप्पल काढायच्या आधी त्यानं मला व्हिडिओ दाखवला. कुठल्यातरी देशात काळीभोर माती ओंजळीत घेऊन एक माणूस हसत होता.

"बायोचार," दादा म्हणाला. "कोळसा आहे, पण साधा कोळसा नाही. कापसाच्या पऱ्हाट्या, वाळल्या काड्या, जाळायच्या, पण पूर्ण जळू द्यायच्या नाहीत. तो कोळसा चिकणमातीत घातला की माती एकदम भुसभुशीत. पाणी साचत नाही, उन्हाळ्यात भेगा नाहीत. एक संस्था भट्टी देणार आहे. आपलं शेत मॉडेल होणार."

"घालणार कुठं?" मी विचारलं.

"रस्त्याकडच्या तुकड्यात."

मला हसू आलं. रस्त्याकडची जमीन आमची सगळ्यात चांगली. तिथं केळी कुणीही आणेल. खरी चिकट, मेलेली जमीन नाल्याकाठची. पावसाळ्यात तिथं पाय टाकला की पिंढरीपर्यंत रुततो आणि बाहेर येताना चप्पल आतच राहते. उन्हाळ्यात तीच जमीन अशी फाटते की भेगेत हात घातला तर कोपरापर्यंत जातो. वाफसा म्हणून जो काही असतो, म्हणजे ना चिखल ना दगड अशी मशागतीची वेळ, तो तिथं वर्षातून चार दिवस येतो. त्या तुकड्यात लावलेल्या केळीचे कंद दर पावसाळ्यात सडायचे. औषध लागत होतं ते तिथं. पण नाला रस्त्यावरून दिसत नाही.

हे सगळं मी त्याला म्हणू शकले असते. म्हटलं नाही. त्याला रस्त्याकडेला शेतात लावायला पाटी लिहून हवी होती, मराठीत आणि हिंदीत, शुद्ध. मी लिहून दिली. 'मृदा-संजीवन प्रात्यक्षिक क्षेत्र' असे शब्द मीच शोधून काढले, आणि मला ते आवडलेही होते. हे आज लिहायला नको वाटतं, पण खरं आहे.

संस्थेचे लोक आले ते रविवारी, म्हणून मीही गेले. एक साहेब होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात शहरातले बूट. त्यांच्याबरोबर दोन पोरगेलेसे मदतनीस आणि एक लोखंडी भट्टी, वर रुंद आणि खाली निमुळती, मोठ्या नरसाळ्यासारखी. शेतात मंडप टाकला होता. आसपासचे वीस-पंचवीस शेतकरी पोहे खायला जमले होते; बायोचार ऐकायला किती जमले होते ते सांगता येणार नाही. साहेबांनी भाषण केलं. माती, हवामान, पृथ्वी, आपली मुलंबाळं, सगळं झालं. मग भट्टीत पऱ्हाट्या पेटवल्या. जाळ चांगला उठला तसे फोटो झाले. साहेबांना पुढच्या गावी जायचं होतं. कोळसा तयार होईपर्यंत ते थांबलेच नाहीत.

निघताना त्यांनी विचारलं, "कुछ शंका?"

पुरुष उठून चपला शोधू लागले होते. मंडपाच्या टोकाला उभ्या असलेल्या वहिनीनं विचारलं, "हा कोळसा तसाच टाकायचा का? आधी शेणात, गोमूत्रात भिजवावा लागत असंल ना?"

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं आणि उत्तर दादाला दिलं. "देखिए, वो सब बाद की बात है. पर्चे में लिखा है." मग वहिनीला म्हणाले, "भाभीजी, चाय बहुत बढ़िया थी."

सगळे हसले. मीही हसले. मी त्या वेळी खुर्चीवर बसले होते, साहेबांच्या शेजारी, कारण मी शिक्षिका. वहिनीनं कप गोळा केले.

त्या माणसाबद्दल मला जे वाटलं ते सांगते. त्याला कोळशाबद्दल काही माहीत नव्हतं असं नाही. पत्रक मी नंतर वाचलं. त्यात लिहिलं होतं, खालून तिसऱ्या ओळीत, बारीक अक्षरात, की कोरडा कोळसा मातीत घातला तर तो पिकाच्या तोंडचं नत्र आधी स्वतः शोषून घेतो, म्हणून तो आधी शेणकाल्यात मुरवावा. म्हणजे उत्तर त्याच्या पिशवीत होतं. पण विचारणारीच्या डोक्यावर पदर होता आणि हातात ट्रे होता, तेव्हा तिला उत्तर देण्याची त्याला गरज वाटली नाही. अशा माणसांना मी अडाणी म्हणत नाही. अडाण्याला निदान आपण चुकलो तर लाज वाटते.

दादानं पुढच्या आठवड्यात भट्टी लावली. मदतनिसांनी त्याला सांगितलं होतं की काड्या थोड्या थोड्या टाकायच्या, वरच्या थरावर पांढरट राख धरू लागली की पुढचा थर टाकायचा, आणि शेवटी पाण्यानं विझवायचं. दादानं सगळ्या एकदम टाकल्या. जाळ पुरुषभर उंच गेला. त्यानं त्याचा व्हिडिओ काढला, गावच्या ग्रुपवर टाकला, आणि येणाऱ्या कौतुकाला उत्तरं देत बांधावर बसला. पाणी मारायला उठला तोवर निम्म्याहून जास्त राख झाली होती. आमच्या काळ्या जमिनीला राखेची हौस नाही. ती आधीच खारट. पण राख काय नि कोळसा काय, फोटोत दोन्ही सारखंच दिसतं. ते सगळं पाटीच्या मागच्या तुकड्यात फेकलं गेलं, रोटाव्हेटर फिरला, आणि मृगात केळीची रोपं लागली.

राखीपौर्णिमेला मी फोपनारला गेले. रस्त्यावरून पाटी दिसली, आणि पाटीमागची केळी पिवळी दिसली. जुनी पानं तर लिंबासारखी. शेजारच्या शेतात त्याच वेळची रोपं हिरवीगार उभी होती.

"दादा, हे काय?"

"काही नाही गं. वातावरण." त्यानं राखी बांधून घ्यायला हात पुढे केला. "टेन्शन नको घेऊ. इलाज चालू आहे."

इलाज काय तो मला दुपारीच दिसला. जेवून सगळे लवंडले तेव्हा दादा घमेलं घेऊन पाटीमागच्या तुकड्यात गेला आणि युरिया टाकून आला. गोणी गोठ्यात कडब्याखाली झाकून ठेवली होती. पंधरा दिवसांनी पानं हिरवी झाली, आणि त्यानं ग्रुपवर लिहिलं की बायोचारचा परिणाम दिसू लागला. लोकांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली.

त्या राखीच्या दिवशीच मी वहिनीला शोधत नाल्याकडे गेले. चार दिवस पाऊस झाला होता. नाल्याकाठचा तुकडा नेहमीसारखाच होता, सरींमध्ये पाणी, कडेला बेडूक. पण एका बाजूच्या आठ ओळी वेगळ्या होत्या. तिथं पाणी नव्हतं. माती ओली होती, पण पायाला चिकटून ओढत नव्हती. वहिनी तिथं खुरपं घेऊन बसली होती.

"हे कुणी केलं?"

"कुणी म्हंजे? मीच." तिनं वर पाहिलं नाही. "यायनं भट्टी पेटवली, मीही खड्डा केला. भट्टी यायले लागत होती, मले खड्डा पुरे."

तिनं नाल्याच्या वरच्या अंगाला गुडघाभर खोल, खाली निमुळता खड्डा खणला होता. रोज सकाळी मजूर बायका यायच्या आत एक भारा जाळायचा, थरावर थर, डोळ्यात तेल घालून, आणि राख धरायच्या आत नाल्यातल्या दोन घागरी ओतायच्या. कोळसा फावड्यानं फोडायचा, मग जुन्या निळ्या ड्रममध्ये शेण, गोमूत्र आणि ताकाचं पाणी घालून एकवीस दिवस झाकून ठेवायचा. लावणीच्या वेळी रोपाच्या एकेका खड्ड्यात घमेलंभर. तेवढ्या कोळशात आठच ओळी झाल्या.

"तुला सांगितलं कुणी?"

"माझ्या माहेरी कुणाले सांगावं लागत नव्हतं." तिचं माहेर तुकईथडचं. तिथं तिची आई चुलीतले विझवलेले कोळसे गोठ्यात बैलाच्या मुताखाली टाकायची, वास मरावा म्हणून. महिन्यानं ते झाडून उकिरड्यावर, आणि तिथून परसातल्या वांग्यांना. "तिथली माती हातानं उकरायची, ताई. बाकी वावरात कुदळ वाजायची. मले वाटलं हे तेच असंल. म्हणून तर त्या दिवशी विचारलं."

मला त्या दिवशीचं आठवलं. तिलाही आठवत होतं, पण ती माझ्याकडे न बघता गवत काढत राहिली.

"दादाला माहिती आहे?"

"माहिती आहे. म्हणतात, नाल्यात कोळसे धुतेस का."

पुढच्या वर्षीचं ऐका. आठ ओळींतली सगळी झाडं जगली असं नाही. भाद्रपदात नाला दोन दिवस काठावरून वाहिला, तेव्हा त्यातलीही काही आडवी झाली. घड रस्त्याकडच्या शेतासारखे भरलेले नव्हते. पण बाकीच्या तुकड्यात नेहमीप्रमाणे कंद सडून खोडं लवली होती, आणि या आठ ओळींत घड लटकत होते. त्या मातीत घड धरलेले मी जन्मात पाहिले नव्हते. माझ्या वडिलांनीही नसतील.

त्याच सुमारास साहेब पुन्हा आले. या वेळी त्यांच्याबरोबर दिल्लीकडून आलेल्या एक वयस्कर बाई होत्या, काम बघायला. मंडप मोठा होता. मला दादानं शाळेतून अर्धी रजा काढायला लावली होती, 'दोन शब्द' बोलायला. पाटीमागच्या केळीसमोर साहेब बोलत असताना त्या बाईंनी खाली बसून माती हातात घेतली, चोळली, आणि विचारलं, "ये ज़मीन तो पहले से अच्छी है. जो ख़राब थी, वो कहाँ है?"

साहेब दादाकडे बघू लागले. दादानं नाल्याच्या दिशेनं पाहिलं. त्या क्षणात त्याच्या डोक्यात काय चाललं होतं ते मला दिसत होतं, लहानपणापासून दिसतं. मग तो म्हणाला, "चलिए मॅडम, असली चीज तो नाले पर है. जानबूझकर सबसे ख़राब ज़मीन चुनी मैंने."

मैंने. वर्षभरात तो त्या आठ ओळींत किती वेळा गेला असेल, मला शंका आहे. चालताना त्याला वाट माहीत नव्हती. दोनदा तो चुकीच्या बांधावर चढला. साहेब मागून पुन्हा पुन्हा सांगत होते की हे सगळं आमच्याच पद्धतीनं, आमच्याच मार्गदर्शनाखाली. मी त्यांच्या मागे. आणि सगळ्यांच्या मागे वहिनी, पाण्याचा तांब्या आणि पेले घेऊन.

तिथं मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी विज्ञानाची शिक्षिका. खरं काय ते मला माहीत होतं, राखीच्या दिवसापासून. मी म्हणाले, "आमच्या दादाच्या जिद्दीला हे यश आलं आहे. चिकणमातीत कोळशाची सच्छिद्र रचना हवा खेळती ठेवते, पाण्याला वाट देते," वगैरे वगैरे. वाक्यं चांगली झाली. दादाबद्दल आणि साहेबांबद्दल मी जे जे वर लिहिलं आहे, त्याच्याहून हलकं काम त्या दुपारी मी केलं. त्यांना निदान काही मिळणार होतं. मला तर कुणी धमकावलंही नव्हतं. दादाचा चार लोकांत अपमान होऊ नये, एवढं एक कारण मी स्वतःला नंतर देत राहिले. वहिनीचा होत होता, तो मला चालला.

बाईंनी माझं ऐकून घेतलं आणि दादाला विचारलं, "कितने दिन भिगोया था?"

"भिगोया ना, पूरी रात," दादा म्हणाला.

वहिनी त्यांच्यासमोर पेला धरून उभी होती. ती पेल्यात पाणी ओततच म्हणाली, "एकवीस दिवस."

आवाज मोठा नव्हता. बाई वळल्या. "इक्कीस? किस में?"

"गोबर, गोमूत्र. थोडं ताक. ताक नसलं तरी चालतं."

"और बिना भिगोए डालो तो?"

"तो पाटीच्या मागे झालं तसं होतं," वहिनी म्हणाली. "पिवळं पडतं. मग युरिया टाकावा लागतो."

हे ती मराठीतच बोलली, पण आमच्याकडचं मराठी दिल्लीवाल्यालाही कळतं. दादाचा चेहरा मी पाहिला नाही. मी खाली मातीकडे बघत होते. साहेब म्हणाले, "जी, वही तो प्रोसेस है, पर्चे में सब दिया है." बाईंनी त्यांना हातानंच थांबवलं आणि वहिनीला विचारत राहिल्या. खड्डा किती खोल, पाणी केव्हा मारायचं, काडी किती जाड चालते. वहिनीनं तांब्या माझ्या हातात दिला आणि त्यांना खड्डा दाखवायला घेऊन गेली. अर्धा तास आम्ही तिघं केळीखाली उभे होतो, साहेब, दादा आणि तांब्या घेतलेली मी. साहेबांनी तेवढं एकदा विचारलं की इथं नेटवर्क का येत नाही.

याचं पुढे मोठं काही झालं असं समजू नका. बाई दिल्लीला गेल्या. जाताना त्यांनी वहिनीचा नंबर मागितला, तिनं दिला, फोन काही आला नाही. अहवालात कुणाचं नाव लागलं ते मी विचारलं नाही, पण महिन्याभरात खंडव्याकडे कुठल्याशा कार्यक्रमात दादाला शाल आणि नारळ मिळाला. बैठकीच्या खोलीत तो फोटो लावलेला आहे. दादाचं सध्या ड्रॅगन फ्रूट चालू आहे.

मी समजत होते घरात भांडण होईल. झालं नाही. दादा आठ दिवस वहिनीशी बोलला नाही, आणि वहिनी म्हणाली की ते आठ दिवस कामाला बरे गेले.

त्या दिवाळीत मी तिला विचारलं, "वहिनी, माझा राग आला होता ना?"

ती करंज्या तळत होती. "तुमचा काहून येईन? तुमचं घर ते, तुमचा भाऊ तो." करंज्या उलटत म्हणाली, "साहेब परका होता, हसला तर हसला. तुम्ही हसल्या ते मात्र मले लागलं."

म्हणजे तिच्या मनात माझं भाषण नव्हतंच, पहिल्या दिवशीचं ते हसणं होतं. मी तर ते विसरूनच गेले होते. मी माफी मागायला तोंड उघडलं तोच तिनं झारा माझ्याकडे दिला, करंज्या जळतील म्हणाली, आणि पीठ आणायला आत गेली.

आता नाल्याकाठचा निम्मा तुकडा त्या मातीचा झाला आहे. घाई नाही, जेवढा कोळसा होतो तेवढ्या ओळी. शेजारच्या दोन-तीन शेतांतल्या बायका तिला विचारायला येतात. ती सांगते, पण तिची एक अट आहे: काड्या आपल्या आणायच्या, ड्रम आपला आणायचा, आणि नवऱ्याला बांधावर ठेवून यायचं. साहेबांनी एकदा निरोप पाठवला की त्या बायकांचा गट करून त्यांच्या संस्थेत नोंदवू. वहिनीनं निरोप्याला चहा पाजला आणि म्हणाली, पर्चा वाचून कळवते.

मागच्या उन्हाळी सुट्टीत मी स्वतःहून गेले, चार दिवस राहायला. म्हटलं, मला शिकव. पहिल्या सकाळी तिनं मला खड्ड्याशी बसवलं. मी वर्गात ज्वलनाचा धडा वीस वर्षं शिकवला आहे. प्राणवायूचा पुरवठा, अपूर्ण ज्वलन, फळ्यावर बाण काढून. तरी थर केव्हा टाकायचा ते मला कळेना. मी वाट बघत राहिले आणि वरचा थर पांढरा झाला. दुसऱ्या दिवशी घाई केली, तर धूर कोंडला आणि काड्या अर्ध्या कच्च्या राहिल्या. वहिनीनं खड्ड्यात काठी फिरवून पाहिली.

"हे तुमच्यानं होणार नाही, ताई," ती म्हणाली. रागानं नाही, जसं एखाद्या रोपाबद्दल म्हणतात तसं. "तुम्ही लई विचार करता तवर जळून जातं."

मग तिनं मला नाल्यातून घागरी भरून आणायचं काम दिलं. उरलेले दोन दिवस मी तेच केलं.